हाँगकाँगमध्ये घरचे आणि मित्रमंडळी घेऊन स्वस्त कँटोनीज जेवण: टेबल, चहा, टोपल्या आणि बिल

चहाची_किटली (धागाकर्ता)

हाँगकाँगला आलेली मराठी कुटुंबं बऱ्याचदा चिम शा त्सुईच्या चुंगकिंग मॅन्शनमधल्या थाळीवर दिवस काढतात. त्या शहराचं स्वतःचं घरगुती जेवण मात्र तसंच राहून जातं. मोठ्या गोल टेबलाभोवती आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे बसतात, मधल्या फिरत्या काचेवर बांबूच्या टोपल्या येत राहतात, चहा संपत नाही. हे जेवण महाग नाही, अवघडही नाही. फक्त काही गोष्टी दारातून आत शिरण्याआधी ठरवाव्या लागतात. त्यासाठी हा धागा.

आधी जागा. 'जाऊ लाऊ' म्हणजे मोठं कँटोनीज रेस्टॉरंट. सकाळपासून दुपारपर्यंत तिथे डिम सम, म्हणजे टोपल्यांतून येणारे छोटे वाफवलेले-तळलेले पदार्थ, मिळतं आणि रात्री भाज्या, मासे, भात. कुटुंबासाठी हेच योग्य. स्वस्त जाऊ लाऊ रस्त्यावर सहसा दिसत नाही. ते इमारतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असतं, किंवा सरकारी गृहवसाहतींच्या बाजार-संकुलात. मोठ्या वसाहतींजवळच्या एमटीआर, म्हणजे मेट्रोच्या, स्थानकावर उतरून संकुलाचे मजले पाहिले की एक तरी सापडतं. डिम समची छोटी दुकानं पदार्थाला चांगली, पण तिथे चारच्या वर माणसं एकत्र बसवणं कठीण. 'चा चान तेंग' हा दुधाच्या चहाचा आणि मॅकरोनीचा वेगळाच प्रकार आहे, तो या धाग्यात नको.

मग वेळ. डिम समचे दर वेळेप्रमाणे बदलतात. आठवड्याच्या दिवशी सकाळी लवकर किंवा दुपारी दोननंतर गेलात तर तीच टोपली कमी दरात मिळते. साडेअकरा ते दीड ही कचेऱ्यांच्या जेवणाची वेळ. रविवारी आणि सुटीच्या दिवशी दर चढे असतात, आणि अकरा ते एक या वेळात दारात गर्दी. दारात नंबरचं यंत्र असतं. किती जण ते दाबायचं, चिठ्ठी घ्यायची. नंबर माणसांच्या संख्येप्रमाणे वेगवेगळ्या रांगांत लागतात, म्हणून आपल्या आधी आलेले मागे आणि मागून आलेले पुढे असं दिसलं तर तो घोटाळा नव्हे. दोघांचं टेबल मोकळं झालं आणि तुम्ही दहा आहात, इतकंच.

आता चहा, कारण बिलावरचा सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतो. 'याम चा' म्हणजे शब्दशः चहा पिणं. टेबलावर बसल्याबरोबर पहिला प्रश्न येतो तो चहा कोणता हा. चहाचे पैसे माणशी लागतात, किटलीमागे नाही. "आम्हाला चहा नको, नुसतं गरम पाणी द्या" म्हटलं तरी ते लागतात, कारण ती टेबलाची आणि चटण्यांचीही आकारणी आहे. लहान मुलांना सूट असते का, ते बसतानाच विचारून घ्या. पो लेइ म्हणजे काळपट, आंबवलेला, मातकट चहा. तेलकट पदार्थांसोबत हाच चालतो आणि कितीही वेळ मुरला तरी फारसा कडू होत नाही. हेउंग पिन म्हणजे मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा वास दिलेला चहा. पहिल्यांदा पिणाऱ्यांना हा आवडतो, पण तो किटलीत वीस मिनिटं राहिला की तुरट होतो. सौ मेइ हलका पांढरा चहा आहे. टिट क्वुन याम कडक. गुक पो म्हणजे शेवंतीची फुलं घातलेला पो लेइ. आठ-दहा जणांच्या टेबलाला दोन किटल्या मिळतात, तेव्हा एक पो लेइ आणि एक हेउंग पिन सांगा. कुणाचीच तक्रार राहत नाही.

किटली रिकामी झाली की झाकण तिरकं करून तिच्या तोंडावर ठेवायचं. हाक मारावी लागत नाही, येता-जाता कुणीतरी गरम पाणी भरून जातं.

बिलात तीन गोष्टी असतात: माणशी चहा, पदार्थ, आणि एकूण रकमेवर १० टक्के सेवा शुल्क. हाँगकाँगात जीएसटीसारखा विक्रीकर नाही, त्यामुळे याउपर काही चढत नाही. मात्र बसल्याबसल्या टेबलावर येणारे शेंगदाणे, लोणच्याची बशी आणि ओले रुमाल फुकट असतातच असं नाही. नको असतील तर हात न लावता लगेच परत द्या. खाऊन झाल्यावर वाद घालता येत नाही.

---

शेवंती_सातारा

छान सुरुवात. एक भर: टेबलावर दोन किटल्या आणि एक मोठं काचेचं किंवा प्लास्टिकचं भांडं आलं तर गोंधळू नका. एकच चहा सांगितला असेल तर एका किटलीत चहा, दुसरीत नुसतं गरम पाणी. भांडं वाट्या विसळण्यासाठी आहे. आपली वाटी पुढ्यात घ्यायची, तिच्यात कप, चमचा आणि काड्यांची टोकं ठेवायची, वरून पहिला चहा ओतायचा, फिरवायचं आणि ते पाणी त्या भांड्यात टाकायचं. याला 'लाँग वून' म्हणतात. भांडी अस्वच्छ असतात म्हणून नव्हे, ती सवय आहे, आणि घरातलं कुणीतरी सगळ्यांचं करून देतं. पाणी उकळतं असतं. मुलांच्या हातात वाटी देऊन हे करू नका, आणि ते भांडं फिरत्या काचेवर ठेवू नका. काच फिरली की ते कुणाच्या तरी मांडीवर येतं.

चहा आधी मोठ्यांना, मग इतरांना, शेवटी स्वतःला. कुणी आपल्या कपात ओतत असेल तर तर्जनी आणि मधलं बोट टेबलावर दोन-तीनदा हलकं टेकवायचं, म्हणजे धन्यवाद. वेश बदलून फिरणाऱ्या चिएनलुंग बादशहाने आपल्या सेवकाला चहा ओतला, त्याला उघड वाकून नमस्कार करता येईना म्हणून त्याने बोटं वाकवली, अशी आख्यायिका सांगतात. तोंडात घास असताना हे फार सोयीचं पडतं.

---

गोडा_मसाला

उपयुक्त धागा. पुढच्या महिन्यात आम्ही दहा जण आहोत. त्यात चार शाकाहारी, दोन अंडंही खात नाहीत. सासूबाईंना चावायचा त्रास आहे. दोन मुलं. रविवार सोडून दुसरा दिवस जमत नाही. काय मागवावं आणि अंदाजे किती खर्च येईल? शाकाहाराची खरी भीती वाटते, कारण हिरवी भाजी मागवली तरी त्यात काहीतरी असतं असं ऐकलंय.

---

पानकोबी

गोडा_मसाला ताई, भीती रास्त आहे. कँटोनीज स्वयंपाकघरात 'मांस नाही' याचा अर्थ 'मांसाचे तुकडे नाहीत' इतकाच घेतला जातो. वरवर शाकाहारी दिसणाऱ्या ताटात काय लपतं ते एकेक करून सांगते.

उकडलेल्या पालेभाजीवर, म्हणजे चोय सम किंवा काय लानवर, तपकिरी चकचकीत सॉस ओतून येतो. तो 'हो याऊ', म्हणजे कालवांचा सॉस. भाजी सांगताना "म् यिउ हो याऊ" म्हणा, म्हणजे हा सॉस नको. त्याऐवजी 'सी याऊ', म्हणजे सोया सॉस, वेगळ्या वाटीत मागा. 'सेउंग तोंग' म्हणून येणारी भाजी मांसाच्या रश्श्यात शिजवलेली असते, ती घेऊच नका. सगळ्यात सुरक्षित 'चिंग चाऊ', म्हणजे नुसती परतलेली, किंवा 'स्युन युंग', म्हणजे लसूण घालून परतलेली. 'फू यू' म्हणजे आंबवलेल्या टोफूत परतलेली पालेभाजी. हिला चीजसारखा उग्र वास येतो, पण ती शाकाहारी आहे आणि भाताबरोबर उत्तम लागते. परतलेल्या भाजीत चिकनची पूड घालण्याची सवय बऱ्याच आचाऱ्यांना असते, तीही नको म्हणून सांगावं लागतं.

मुळ्याचा केक, 'लो बाक गो', फसवतो. नावात मुळा, दिसायला ढोकळ्याच्या वडीसारखा, पण आत सुकी कोळंबी आणि डुकराच्या सॉसेजचे बारीक तुकडे. तारोची जाळीदार वडी, 'वू गोक', आतून मांसाची. वांग्याचं 'यू हेउंग के जी' नावाने माशाच्या सुगंधाचं. त्यात मासा असेल किंवा नसेल, पण डुकराचा खिमा असतोच आणि बऱ्याचदा खारवलेला मासाही. टोफूच्या पापुद्र्याची गुंडाळी, 'सिन जुक ग्युन', हीसुद्धा बहुतेक ठिकाणी मांस भरलेली. एक्सओ सॉस म्हणजे सुकवलेले शिंपले, कोळंबी आणि हॅम. गोडात मँगो पुडिंग आणि नारळाचं पुडिंग सहसा जिलेटिनने घट्ट केलेलं असतं. एग टार्टच्या पापुद्र्यात डुकराची चरबी असू शकते.

आता काय चालतं. 'जाय चेउंग' म्हणजे काही न भरलेला तांदळाचा मऊ रोल, त्यावर गोड सॉस, तिळाचा सॉस आणि सोया. इथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात ठेवा. 'जाय' या शब्दाचा मूळ अर्थ बौद्ध शाकाहार, पण बोलीत तो 'नुसतं, साधं' या अर्थीही वापरतात. दूध-साखर नसलेली काळी कॉफीसुद्धा 'जाय फे'. त्यामुळे 'जाय चेउंग' आला तरी वर सुकी कोळंबी भुरभुरलेली नाही ना ते बघा. 'जा लेउंग' म्हणजे तळलेल्या पिठाच्या कांडीभोवती गुंडाळलेला तांदळाचा रोल, बाहेरून मऊ, आतून कुरकुरीत. मुलांना फार आवडतो. तोही सुक्या कोळंबीशिवाय सांगा. भाज्या-मशरूम भरलेल्या उकडीच्या करंज्या 'सो गाऊ' किंवा 'फन ग्वो' नावाने मिळतात, पण नावात 'सो' म्हणजे शाकाहारी हा शब्द हवा. 'चिउ चाऊ फन ग्वो' दिसायला तशीच, पण आत मांस, शेंगदाणे आणि सुकी कोळंबी. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांनीही ती टाळावी. कमळबियांच्या गोड सारणाचा पाव म्हणजे 'लिन युंग बाऊ', यात सहसा अंडं नसतं. पिवळ्या कस्टर्डचा 'नाय वोंग बाऊ' अंड्याचा. शेवटी 'डाऊ फू फा', म्हणजे गरम मऊ टोफू आणि साखरेचा पाक, किंवा 'हुंग डाऊ सा', लाल चवळीसारख्या दाण्यांची गोड खीर. यात सुकवलेल्या संत्र्याची साल असते, मांस-अंडं काही नाही.

बसतानाच एक वाक्य म्हणा: "न्गो सिक जाय", मी शाकाहार करतो. बौद्ध शाकाहारात कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे हे वाक्य नुसत्या "मांस नको"पेक्षा गंभीरपणे घेतलं जातं. अंड्यासाठी वेगळं सांगा: "म् यिउ दान".

---

फिरती_काच

पानकोबी यांनी पदार्थ सांगितले, मी गणित मांडतो.

आधी टोपलीत किती नग येतात ते धरा. हार गाऊ म्हणजे कोळंबीची पारदर्शक करंजी, आणि सिउ माय म्हणजे डुकराचं मांस आणि कोळंबी भरलेला उघड्या तोंडाच्या मोदकासारखा पदार्थ, हे बहुधा चार. चार सिउ बाऊ, म्हणजे गोड भाजलेल्या डुकराच्या सारणाचा पाव, तीन. एग टार्ट दोन किंवा तीन. सहा जण मांसाहारी आणि टोपलीत चार नग, तर एक टोपली पुरत नाही, दोन घेतल्या की दोन उरतात. हे आधी न मोजल्याने काही पदार्थ सगळ्यांना पुरत नाहीत आणि काहींचा ढीग पडतो.

एकूण माणशी दोन ते अडीच टोपल्या धरा, त्या दोन फेऱ्यांत. तुमच्या दहा जणांसाठी असं करा. सहा मांसाहारींसाठी हार गाऊ २, सिउ माय २, चार सिउ बाऊ २, काळ्या सोयाबीनमधली बरगडी १, कोळंबीचा चेउंग फन, म्हणजे तांदळाचा मऊ रोल, १, कमळाच्या पानातला चिकट भात, म्हणजे लो माय गाय, १. या ९ झाल्या. शाकाहारींसाठी जाय चेउंग २, जा लेउंग १, शाकाहारी करंज्या २, लिन युंग बाऊ २, लसणातली पालेभाजी २, मीठ-मिरीतला तळलेला टोफू १. या १०. सगळ्यांसाठी तांदळाच्या शेवयांचं 'सिंग जाऊ चाऊ माय' मांस, कोळंबी आणि अंडं वगळून १, आणि अंडं खाणाऱ्यांना एग टार्ट २. मिळून २२.

सरासरी टोपली ३२ हाँगकाँग डॉलर आणि चहा माणशी १५ धरला तर २२ टोपल्यांचे ७०४, चहाचे १५०, बेरीज ८५४. त्यावर १० टक्के म्हणजे ८५.४०. एकूण ९३९.४०, माणशी साधारण ९४. हे आकडे हिशेबासाठी धरले आहेत. वसाहतीतल्या जाऊ लाऊचे दर याच्या आसपास असतात, रविवारी थोडे वर. दर पदार्थाच्या नावावर नसतो, आकारावर असतो: छोटा, मध्यम, मोठा, खास. यादीत प्रत्येक पदार्थापुढे त्याचा वर्ग दिलेला असतो आणि वर्गांचे दर कोपऱ्यात छापलेले असतात. मोठा आणि खास या दोन वर्गांतून चार-पाचच घेतले तर सरासरी ताब्यात राहते.

सगळं एकदम मागवू नका. हार गाऊचं आवरण गव्हाच्या स्टार्चचं असतं. गरम असताना ते लवचीक आणि पारदर्शक, पाच-सात मिनिटांत गार पडलं की घट्ट होतं, कागदाला चिकटतं आणि काडीने उचलताना फाटून कोळंबी खाली पडते. चेउंग फनही गार झाला की रबरासारखा होतो. स्वयंपाकघर जे तयार होईल ते पाठवतं, क्रम पाळत नाही. म्हणून पहिल्या चिठ्ठीवर १४-१५ वाफवलेल्या टोपल्या, त्या अर्ध्या संपल्या की दुसऱ्या चिठ्ठीवर तळलेलं, भाजी आणि शेवया, आणि गोड अगदी शेवटी. तळलेल्या सामोसा-रोलसारख्या वस्तू झाकणाखाली घाम येऊन मऊ पडतात, त्यांचं झाकण लगेच काढा.

सासूबाईंसाठी 'जुक', म्हणजे तांदळाची पातळ पेज, एक वाटी सांगा. साध्या पेजेला 'बाक जुक' म्हणतात. जोडीला जाय चेउंग आणि शेवटी डाऊ फू फा. तिन्ही फारसं न चावता खाता येतं.

---

गोडा_मसाला

फिरती_काच, मनापासून आभार. छापून घेते. क्यूआर कोडवरून मागवावं लागतं म्हणतात, ते कसं?

---

केबलकार

बऱ्याच ठिकाणी आता टेबलापुरता क्यूआर छापून देतात. तो स्कॅन केला की यादी येते, भाषेचं बटण सहसा वर कोपऱ्यात असतं. चूक एकच होते: तीन-चार जण आपापल्या फोनवर स्कॅन करतात, सगळ्यांची मागणी एकाच टेबलावर जमा होते आणि हार गाऊच्या पाच टोपल्या येतात. फोन एकानेच हातात घ्यायचा, बाकीच्यांनी तोंडी सांगायचं. "पाठवा" दाबल्यावर रद्द होत नाही, कर्मचाऱ्याला लगेच गाठावं लागतं. कागद असेल तर चौकटीत टिक नव्हे, संख्या लिहायची. टिकचा अर्थ एक.

मागणीच्या कागदाची टेबलावरची प्रत जपून ठेवा. टोपली आली की तिच्यावर खूण करा. बिलाच्या वेळी "ही आलीच नाही" म्हणायला तोच पुरावा. ढकलगाड्यांवरून टोपल्या निवडण्याची पद्धत आता थोड्याच जागी उरली आहे. सेंट्रलमधल्या सिटी हॉलच्या मॅक्सिम्स पॅलेसमध्ये ती अजून दिसते, पण ते स्वस्त नाही. गाडीवरून घेतलं तर कार्डावर शिक्का मारून देतात. ते कार्ड हरवू नका.

---

कोळंबी_खिचडी

रात्रीच्या जेवणाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. रात्री सहसा डिम सम नसतं. चार, सहा, आठ किंवा बारा जणांचे ठरलेले संच मिळतात आणि मोठ्या गटाला तेच परवडतात. सूप, सहा-आठ पदार्थ, भात, शेवटी गोड सूप किंवा फळं. सुटे पदार्थ मागवायचे तर माणसं अधिक एक इतकी ताटं पुरतात, सहा जणांना सात. 'लाय पाय' म्हणजे नेहमीचं माप, तीन-चार जणांना चव मिळते. कोंबडी आणि भाजलेला हंस अर्धा किंवा पूर्ण मागता येतो.

सगळ्यात जास्त पैसे जिथे हातून जातात ती जागा म्हणजे जिवंत मासा. टाकीतला मासा 'ताजा भाव' असतो आणि भाव 'लेउंग' या मापावर सांगतात. हाँगकाँगचा एक लेउंग ३७.८ ग्रॅम, असे १६ लेउंग म्हणजे एक 'गान', ६०४.८ ग्रॅम. कुणी "तीस" म्हटलं तर तो माशाचा भाव नव्हे, लेउंगचा. एक गान चार लेउंगचा मासा म्हणजे २० लेउंग, सुमारे ७५६ ग्रॅम, आणि ६०० डॉलर. म्हणून मासा टाकीतून काढण्याआधी तीन गोष्टी विचारा: लेउंगला किती, या माशाचं वजन किती, एकूण किती. संचात मासा धरलेला असेल तर तोच घ्या.

वाफवलेला मासा चांगला जमलाय की नाही हे काट्याजवळ कळतं. मांस काट्याला किंचित चिकटून असेल तर वेळ बरोबर साधली. आपोआप सुटून पांढरं भुसभुशीत झालं असेल तर जास्त शिजला. या आकाराच्या माशाला आठ-नऊ मिनिटंच लागतात, मग आलं-पातीवर कडकडीत तेल आणि सोया. तोंड मानाच्या पाहुण्याकडे ठेवतात. वरची बाजू संपली की मासा उलटवू नका. कोळी-दर्यावर्दी लोकांत ती होडी उलटण्याची खूण मानतात. मधला काटा उचलून बाजूला ठेवायचा.

---

शेवंती_सातारा

पांढऱ्या कोंबडीबद्दलही लिहा ना, हाडाजवळ लाल दिसते तेव्हा सगळे घाबरतात.

---

कोळंबी_खिचडी

'बाक चित गाय'. उकळीच्या खालच्या तापमानाच्या पाण्यात सावकाश शिजवलेली. म्हणून मांस मऊ राहतं आणि हाडातला मगज गुलाबी दिसतो. मांस पांढरं आणि घट्ट असेल तर ती शिजलेली आहे. हाडालगतचं मांसच काचेसारखं, कच्चं वाटलं तर परत करा. टेबलावर कुणाला पाहवतच नसेल तर तळलेली कुरकुरीत किंवा सोयात शिजवलेली कोंबडी मागवा, भाव साधारण सारखाच. सोबत येणारा आलं-पातीच्या तेलाचा सॉस मात्र सोडू नका. भातावर घेतला तरी छान लागतो.

तिखटासाठी 'लात जिउ' मागा, सोयात चिरलेली ताजी मिरची मिळते. मांचुरियन आणि शेजवान राइस इथे मिळत नाही. ते पदार्थ आपल्याकडच्या चिनी स्वयंपाकाचे, कँटोनीज नव्हेत. आपल्या जिभेला सगळ्यात जवळचा सिंग जाऊ चाऊ माय, कारण त्यात करी पावडर असते. नावात सिंगापूर असलं तरी तो हाँगकाँगचाच पदार्थ.

---

मिरजकर_दक्षिण

डुकराचं मांस न खाणाऱ्यांचं काय? मांसाहारी आहेत, पण तेवढं नको असे बरेच असतात.

---

पानकोबी

नुसतं 'युक', म्हणजे मांस, म्हटलं की इथे डुकराचंच समजतात, आणि साध्या जाऊ लाऊत वाफेच्या भांड्यापासून तळणीच्या तेलापर्यंत सगळं एकत्र असतं. त्यावर खात्रीचा मार्ग वान चायमधला. ओय क्वान रोडवरच्या इस्लामिक सेंटरच्या पाचव्या मजल्यावरच्या कँटीनमध्ये हलाल डिम सम मिळतं, सिउ मायही डुकराशिवाय. दर वाजवी. जवळच बोरिंग्टन रोडच्या बाजार-इमारतीत शिजवलेल्या अन्नाचा मजला आहे, तिथे हलाल भाजलेलं बदक आणि करीतलं बोकड देणारा जुना स्टॉल आहे. शुक्रवारी दुपारी नमाजानंतर दोन्हीकडे बरीच गर्दी असते. गोमांस टाळायचं तर 'न्गाऊ' हा शब्द लक्षात ठेवा. डिम सममध्ये 'न्गाऊ युक काऊ' म्हणजे वाफवलेले गोमांसाचे गोळे, दिसायला कोफ्त्यासारखे.

पूर्ण शाकाहारी टेबलच हवं असेल तर डायमंड हिलला नान लियान उद्यानातलं ची लिन मठाचं उपाहारगृह आहे. वसाहतीतल्या जाऊ लाऊइतकं स्वस्त नाही, पण तिथे एकेक पदार्थ विचारावा लागत नाही. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच बौद्ध शाकाहार करतात. त्या दिवशी शाकाहारी जागा भरलेल्या असतात, पण साध्या रेस्टॉरंटमध्येही 'जाय'चे जास्त पदार्थ मिळण्याची शक्यता असते. मोबाइलवर चिनी कॅलेंडर बघून दिवस निवडता आला तर फायदा होतो.

---

केबलकार

तारखांवरून आठवलं. मध्य-शरद सण, डिसेंबरातला हिवाळी अयनदिन, मातृदिन आणि चिनी नववर्ष, या दिवशी स्वस्त जेवणाची आशा धरू नका. रात्री फक्त ठरलेले संच, साडेसहाच्या सुमाराची आणि साडेआठची अशा दोन पंगती, पहिल्या पंगतीला वेळेवर उठावं लागतं. नववर्षाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत लहान जागा बंदच असतात. रविवारी दुपारीही पुष्कळ ठिकाणी टेबल नव्वद मिनिटांसाठीच देतात. दहा जणांनी रविवारी जायचं तर आरक्षण घेतात का ते आधी फोन करून विचारा. बरीच रेस्टॉरंटं सकाळी अकराच्या आतलंच घेतात. सगळे हजर झाल्याशिवाय बसवत नाहीत, दोन जण मागून येणार असतील तर नंबर निघून जातो.

---

शेवंती_सातारा

दोन काड्यांच्या जोड्या का ठेवतात तेही सांगते. बऱ्याच टेबलांवर प्रत्येकापुढे वेगळ्या रंगाच्या दोन जोड्या असतात. एक ताटातून वाढून घ्यायची, दुसरी तोंडात घालायची. २००३ च्या सार्सच्या साथीनंतर वाढायच्या काड्यांची सवय घट्ट झाली. शाकाहारी माणसांना हे वरदान आहे: भाजीच्या ताटासाठी एक जोडी बाजूला राखून ठेवा आणि ती मांसाच्या ताटात जाऊ देऊ नका. काड्या भातात उभ्या रोवायच्या नाहीत, ते अंत्यविधीतल्या उदबत्तीसारखं दिसतं. फिरती काच कुणी वाढून घेत असताना फिरवायची नाही. चमचा मागायला संकोच करू नका, करंजीखाली चमचा धरून खाणं इथेही रूढ आहे.

---

गोडा_मसाला

शेवटचे दोन प्रश्न. बिल दहा जणांत वेगवेगळं करून देतात का? आणि उरलेलं नेता येतं?

---

फिरती_काच

बिल टेबलाचं एकच असतं. "म्गोय, माय दान" म्हटलं की येतं. एकाने भरायचं आणि आपसात वाटायचं, त्याला तिथे 'एए' म्हणतात. लहान जागी कार्ड चालेलच असं नाही, रोख किंवा ऑक्टोपस कार्ड (मेट्रो-बसचं आणि दुकानांतही चालणारं पैसे भरलेलं कार्ड) जवळ ठेवा. सेवा शुल्क बिलातच असतं, वर टिप बंधनकारक नाही. पुष्कळ जण सुटी नाणी ठेवतात.

उरलेलं नेण्यासाठी "दा बाऊ" म्हणा. डब्याचे पैसे वेगळे लागू शकतात. एप्रिल २०२४ पासून थर्माकोलचे डबे आणि प्लास्टिकचे चमचे-काटे देणं बंद आहे, म्हणून घरून दोन डबे आणलेले बरे. हार गाऊ आणि चेउंग फन नेऊ नका, पुन्हा गरम केल्यावर फाटतात. बाऊ आणि लो माय गाय दुसऱ्या दिवशी वाफेवर दहा मिनिटं ठेवले की पहिल्यासारखे होतात. मायक्रोवेव्ह असेल तर बाऊ ओल्या कागदात गुंडाळून तीस सेकंद, जास्त ठेवले तर कडा चामड्यासारख्या होतात.